प्रार्थनेतला टोमणा आणि आणखी चार पत्रे

या महिन्यात उत्तरासाठी निवडलेली पाचही पत्रे लग्नाला तीन वर्षे पूर्ण न झालेल्या जोडप्यांची आहेत आणि गोव्यातल्याच निरनिराळ्या गावांतून आलेली आहेत. ओळख पटेल असा तपशील नेहमीप्रमाणे वगळला आहे, आणि लांबलेली पत्रे थोडी आखडली आहेत.

पर्वरी येथील भगिनी लिहितात :

"ताई, आमच्या लग्नाला चौदा महिने झाले. आम्ही दोघेही अहिल्यानगर जिल्ह्यातल्या ख्रिस्ती घरांत वाढलो. हे वेर्णा औद्योगिक वसाहतीतल्या औषधांच्या कारखान्यात पाळीवर काम करतात आणि मी पणजीत एका खासगी कार्यालयात आहे. रोज रात्री गुडघे टेकून एकत्र प्रार्थना केल्याशिवाय झोपायचे नाही, असे आम्ही लग्न ठरले तेव्हाच ठरवले होते. पहिले काही महिने ते जमले. आता दुसरी पाळी असली की हे रात्री पावणेबाराला घरी येतात. एकदा आमटी गरम करता करता आमची कशावरून तरी बोलाचाली झाली आणि नंतर प्रार्थनेत हे म्हणाले, 'प्रभू, हिच्या जिभेला लगाम घाल, हिला सहनशीलता दे.' दुसऱ्या रात्री मी प्रार्थना केली, 'प्रभू, ज्यांना घरात बोलायला वेळ नसतो त्यांना तुझ्याशी बोलायला वेळ मिळतो, याबद्दल तुझे आभार.' त्यानंतर तीन आठवडे आमची प्रार्थना बंद आहे. चूक कोणाची हे मी विचारत नाही. पुन्हा सुरुवात कशी करायची ते सांगा."

उत्तर : तुमचे पत्र वाचून मी आधी हसले हे कबूल करते, कारण दोन टोमण्यांत तुमचा जास्त धारदार आहे. मग मला माझ्याच लग्नानंतरचे दुसरे वर्ष आठवले. वास्कोतल्या दोन खोल्यांच्या घरात मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसून, बाहेरच्या खोलीत वर्तमानपत्र वाचत बसलेल्या आमच्या यांना स्पष्ट ऐकू जाईल एवढ्या आवाजात देवापुढे त्यांची गाऱ्हाणी मांडत असे. एके दिवशी त्यांनी वर्तमानपत्र खाली न करताच म्हटले, "देवाला ऐकू येते, आवाज थोडा कमी केलास तरी चालेल." मला आलेला राग आठवडाभर टिकला, बोलणे मात्र खरे होते.

प्रार्थना ऐकणारा एकच असतो. शेजारी बसलेल्या माणसाने ऐकावे म्हणून जे बोलले जाते, त्याच्या आरंभी 'प्रभू' आणि शेवटी 'आमेन' लावले तरी ते त्या माणसाला सुनावलेलेच असते. लोकांना दिसावे म्हणून रस्त्यांच्या कोपऱ्यांवर उभे राहून प्रार्थना करणाऱ्यांविषयी येशूने मत्तयाच्या सहाव्या अध्यायात जे म्हटले आहे, ते आपण त्या काळच्या ढोंगी परुश्यांच्या, म्हणजे नियमशास्त्र काटेकोरपणे पाळणाऱ्या यहुदी पंथाच्या, खाती टाकून मोकळे होतो. पण कोपरा रस्त्याचाच असला पाहिजे असे कोठे आहे, पलंगाच्या कोपऱ्यावरही तेच घडते.

पवित्र शास्त्रात संसार आणि प्रार्थना यांची गाठ जिथे सर्वांत उघडपणे घातली आहे ते वचन पेत्राच्या पहिल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात आहे. सातव्या वचनात तो पतींना सांगतो की, पत्नीबरोबर समजुतीने राहा, जीवनाच्या कृपादानात ती तुमच्याबरोबरीची वारस आहे म्हणून तिला मान द्या. आणि हे कशासाठी, तर तुमच्या प्रार्थनांमध्ये अडथळा येऊ नये म्हणून. त्याने प्रार्थनेची वेळ वाढवायला सांगितले नाही की गुडघे टेकण्याची पद्धत शिकवली नाही. अडथळा कोठे असतो ते दाखवले. तुमच्या घरातली प्रार्थना तीन आठवड्यांपूर्वी पलंगापाशी अडली असे तुम्हाला वाटते, पण ती त्याआधी अर्धा तास, गॅसजवळ, आमटीच्या पातेल्यापाशी अडली होती. (हेच वचन पुढे करून मारझोड किंवा दहशत सोसत राहायला सांगणाराही कोणी भेटतो. तुमच्या पत्रात तसे काही नाही, पण ज्या भगिनीच्या घरात ते आहे तिने प्रार्थनेच्या पद्धतीचा विचार नंतर करावा आणि आधी १८१ या महिला मदतक्रमांकावर बोलावे.)

तेव्हा क्रम बदला. वेदीपाशी अर्पण आणले असताना भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे असे आठवले, तर अर्पण तिथेच ठेवून आधी समेट करून ये, असे येशूने सांगितले आहे. भावाच्या जागी पती किंवा पत्नी घाला. आधी एकमेकांशी बोलणे, मग देवाशी.

इथे तुम्ही म्हणाल की सूर्य मावळेपर्यंत राग राहू नये असे इफिसकरांस पत्राच्या चौथ्या अध्यायात आहे, मग रात्री पावणेबाराला भांडण मिटवूनच झोपले पाहिजे. नवविवाहितांना हे वचन इतक्या वेळा सांगितले जाते की त्यापायी कित्येक जोडपी रात्री दीडपर्यंत वाद घालत जागी राहतात. 'रागावा, पण पाप करू नका' ही त्या वचनाची सुरुवात पौलाने चौथ्या स्तोत्रातून घेतली आहे, आणि त्या स्तोत्राच्या त्याच ओळीत पुढे काय आहे ते सहसा कोणी वाचत नाही : आपल्या अंथरुणावर पडून मनाशी विचार करा आणि स्तब्ध राहा. आठ तास उभ्याने काम करून, कंपनीच्या बसमधून झुआरी आणि मांडवी ओलांडून आलेल्या माणसाला आणि त्याची वाट पाहून कावलेल्या बायकोला त्या घटकेला सुचते ते बोलणे बहुधा दुसऱ्या दिवशी परत घ्यावे लागते. "आपण उद्या सकाळी बोलू, मी रुसून बसलेली नाही," एवढे सांगून झोपणे म्हणजे राग मनात घोळवत ठेवणे नव्हे.

आता वेळेविषयी. पाळी आठवड्यागणिक बदलते, म्हणून घड्याळातली वेळ ठरवू नका. रोज घडणाऱ्या एखाद्या गोष्टीला प्रार्थना बांधून टाका. तुमच्या गल्लीत सकाळी पोदेर, म्हणजे पाववाला, येत असेलच. त्याचा भोंगा वाजला, सायकलवरच्या टोपलीतून चार उंडे घेतले, चहा ओतला, की दोघांनी टेबलाशी बसायचे. दुसऱ्या पाळीच्या आठवड्यात हे सहज जमेल. रात्रपाळीच्या आठवड्यात ते घरात शिरतात तेव्हा तुम्ही निघण्याच्या घाईत असता, त्या दिवसांत दारातच दोन मिनिटे पुरे. पहिल्या पाळीच्या आठवड्यात पोदेराच्या संध्याकाळच्या फेरीची वेळ धरा.

आणि निदान महिनाभर आपल्या शब्दांत प्रार्थना करूच नका. एक स्तोत्र एकाने वाचावे, दुसऱ्याने नुसते ऐकावे, मग दोघांनी मिळून प्रभूची प्रार्थना म्हणावी. ती लहानपणापासून पाठ असल्यामुळे आपण तिच्याकडे नीट पाहत नाही; पाहिलेत तर लक्षात येईल की तिच्यात 'मी' नाही, 'हा' नाही आणि 'ही'सुद्धा नाही. आमची भाकर, आमची ऋणे, आम्हांस परीक्षेत आणू नकोस. जोडीदाराला सुधारायची विनंती घुसवायला तिच्यात फटच ठेवलेली नाही.

महिन्यानंतर स्वतःच्या शब्दांत प्रार्थना करावीशी वाटली तर आधी एकमेकांना विचारा, "तुमच्यासाठी काय मागू?" आणि जे सांगितले जाईल तेवढेच मागा. तुमच्या यजमानांनी "पर्यवेक्षकाशी पटत नाही, त्यासाठी माग," असे सांगितले तर त्यासाठीच मागावे, त्यांच्या विसरभोळेपणासाठी नव्हे. तक्रारी देवापुढे मांडूच नयेत असे मी म्हणत नाही, अर्धी स्तोत्रसंहिता तक्रारींनीच भरलेली आहे. त्या एकटीने, दार लावून मांडाव्यात.

मडगावजवळच्या गावातून एक बंधू लिहितात :

"मी कोल्हापूरकडचा, प्रॉटेस्टंट मंडळीत वाढलेला. पत्नी सासष्टीतली, कॅथलिक. लग्न तिच्या चर्चमध्ये झाले आणि नोकरीमुळे सध्या आम्ही तिच्या माहेरीच राहतो. रोज संध्याकाळी घरात सगळे मिळून कोकणीत तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, म्हणतात. मला त्यातले काही प्रार्थनाशब्द विवेकाला पटत नाहीत, म्हणून मी त्या वेळी खोलीत जाऊन मोबाइल पाहत बसतो. सासूबाई काही बोलत नाहीत, पण त्यांना वाईट वाटते असे पत्नी सांगते. आम्हाला आता बाळ होणार आहे आणि बाप्तिस्मा कोठे द्यायचा यावरून मला आतापासूनच धास्ती वाटते. शिवाय येत्या सांजांवाला जावई म्हणून विहिरीत उडी मार असा सगळ्यांचा आग्रह आहे. हे ख्रिस्ती माणसाला शोभते का?"

उत्तर : शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण त्याचे उत्तर सोपे आहे. पोहता येत असेल आणि पोटात फेणी गेलेली नसेल तर खुशाल उडी मारा. सांजांव, म्हणजे २४ जून, हा योहान बाप्तिस्मा करणाऱ्याच्या जन्माचा सण. मरिया योहानाच्या आईला, अलिशिबेला, भेटायला गेली तेव्हा तिचे अभिवादन ऐकताच अलिशिबेच्या पोटातल्या बाळाने उडी मारली, असे लूकने पहिल्या अध्यायात लिहिले आहे, आणि गोव्यातले लोक आपल्या उडीचा संबंध त्या उडीशी लावतात. घरात पहिलेच बाळ येणार असलेल्या जावयाला याहून समर्पक सण कोणता मिळेल? डोक्यावर कोपेल, म्हणजे फुलांचा मुकुट, घालतील, ते आधी नीट बसवून घ्या.

तेर्साचा प्रश्न मात्र विचार करण्याजोगा आहे. ज्या शब्दांना मन साक्ष देत नाही ते शब्द केवळ सासूबाईंना बरे वाटावे म्हणून उच्चारू नका. तसे करणे हा त्यांच्याही प्रार्थनेचा अपमान होईल. पण शब्द न उच्चारणे आणि खोलीत निघून जाणे यांत फार अंतर आहे. तेर्सात पाच दशके, म्हणजे दहा-दहा 'नमान मारिये'चे पाच गट, असतात. प्रत्येक दशकाच्या आरंभी प्रभूची प्रार्थना येते, ती तुम्हालाही म्हणता येते. 'नमान मारिये' या मरियेला नमन करणाऱ्या प्रार्थनेचा पूर्वार्ध लूकच्या पहिल्या अध्यायातला आहे : देवदूताचे अभिवादन आणि अलिशिबेचे उद्गार. उत्तरार्धात मरियेला आपल्यासाठी विनंती करायला सांगितले जाते, आणि तुमची अडचण तिथे असणार. तेवढ्यापुरते गप्प बसा. गप्प बसलेल्या माणसाला त्या खोलीतून कोणी उठवणार नाही.

दुसरे असे की, प्रत्येक दशकात ख्रिस्ताच्या किंवा मरियेच्या जीवनातल्या एका प्रसंगाचे मनन करायचे असते. परंपरेने असे पंधरा प्रसंग होते, २००२ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी आणखी पाच सुचवले, आणि त्या पाचांत यार्देनेतला बाप्तिस्मा, काना गावचे लग्न, देवराज्याची घोषणा असे प्रसंग आहेत. मंगळवारी आणि शुक्रवारी दुःखाचे प्रसंग घेतात, म्हणजे गेथशेमाने बाग ते वधस्तंभ. पत्नीला विचारून त्या दिवशीचा एखादा प्रसंग आपल्या मराठी शास्त्रातून काढून ठेवा आणि तेर्स सुरू होण्यापूर्वी पाच-सात वचने मोठ्याने वाचू का, असे सासूबाईंना विचारा. माझा अंदाज असा की त्या नाही म्हणणार नाहीत. त्या घरात मराठी परकी वाटेल अशी भीती बाळगू नका. तुमच्यापासून जवळच असलेल्या रायतूरहून १६१६ मध्ये फादर थॉमस स्टीफन्स यांचे ख्रिस्तपुराण छापून निघाले, ते मराठी ओव्यांतच आहे.

बाप्तिस्म्याविषयी स्पष्ट बोलते. कॅथलिक व्यक्तीने अशा मिश्र विवाहाच्या वेळी, मुलांना कॅथलिक चर्चमध्ये बाप्तिस्मा देण्यासाठी आपल्याकडून होईल तेवढे सर्व करीन असे वचन दिलेले असते, आणि त्या वचनाची कल्पना दुसऱ्या पक्षालाही दिली जाते. म्हणजे तुमच्या पत्नीने हे वचन दिले आहे आणि तुम्हाला ते ठाऊक होते. आता तिला त्यावरून पेचात धरणे बरे नाही. पाण्याने आणि पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांच्या नावाने दिलेला बाप्तिस्मा कॅथलिक चर्च आणि तुमच्यासारख्या बहुतेक मंडळ्या परस्परांचा मान्य करतात, तो पुन्हा देत नाहीत. त्यामुळे बाळाच्या डोक्यावर जे पाणी ओतले जाईल ते तुमच्या मंडळीच्या दृष्टीनेही वाया जाणार नाही. ख्रिस्तप्रसादाच्या रांगेत मात्र तुम्हाला पत्नीबरोबर उभे राहता येणार नाही. ते दुःख खरे आहे, दर रविवारी ते जाणवेल, आणि त्यावर माझ्याजवळ उतारा नाही. त्या वेळी बाकावर एकटे बसून काय वाटते ते पत्नीला सांगा, धर्मसिद्धान्तावर चर्चा न करता.

आणखी एक सुचवते. तेर्स संपल्यावर घरातली धाकटी माणसे वडीलधाऱ्यांकडे बेसांव मागतात. आशीर्वाद मागायला कोणत्याच पंथाची आडकाठी नाही. खोलीत निघून जाणाऱ्या जावयाने एखाद्या संध्याकाळी हात जोडून सासूबाईंकडे बेसांव मागितला, तर इतके दिवस त्या जे बोलल्या नाहीत ते बोलण्याची गरजच उरणार नाही.

फोंडा येथील बंधू लिहितात :

"मी दर महिन्याला पगाराचा दहावा भाग गावाकडच्या मंडळीला पाठवतो. पत्नीला हे मी सांगितले नव्हते. बँकेचा संदेश पाहून तिला ते कळले आणि तिने कडाक्याचे भांडण केले, कारण त्याच महिन्यात आम्ही घरभाड्यासाठी तिच्या भावाकडून उसने घेतले होते. उजवा हात काय करतो हे डाव्या हाताला कळू नये, हे वचन मी तिला दाखवले, तर ती आणखी चिडली. दान गुप्त ठेवणे ही चूक आहे काय?"

उत्तर : ती चिडली हे योग्यच झाले. पत्नी हा डावा हात नव्हे. येशू तिथे कोणाविषयी बोलतो आहे ते आधीच्या वचनात स्पष्ट आहे : लोकांनी वाखाणावे म्हणून सभास्थानांत आणि रस्त्यांवर आपल्यापुढे कर्णे वाजवणाऱ्यांविषयी. घरखर्चाच्या वहीत नोंद करणे म्हणजे कर्णा वाजवणे नव्हे. ज्या वचनाने आपली प्रौढी झाकायची ते वचन तुम्ही आपला व्यवहार झाकायला वापरले.

गोव्यात चालत आलेल्या नागरी संहितेचे मूळ १८६७ च्या पोर्तुगीज संहितेत आहे आणि तिच्यानुसार, लग्नापूर्वी वेगळा करार केला नसेल तर पती-पत्नींची मालमत्ता सामाईक धरली जाते, दोघांचा त्यात निम्मा निम्मा हिस्सा असतो. इथल्या सरकारी कचेरीला जे मान्य आहे ते देवाच्या नावाखाली आपण घरात नाकारावे, हे विचित्र नाही का? पौल करिंथकरांना लिहितो की प्रत्येकाने मनात ठरवले असेल तसे द्यावे, नाखुशीने नको. तुमच्या घरात ठरवणारी मने दोन आहेत. मेव्हण्याच्या पैशातून दिलेला दशांश तर खरे पाहता मेव्हण्याचा.

दोघांनी बसून, भाडे आणि उसनवारी आधी लिहून, मग जे जमेल ते ठरवा. पहिले वर्षभर तो विसावा भाग झाला तरी चालेल. मात्र एकमत झाले म्हणजे सगळे ठीक झाले असेही समजू नका. प्रेषितांची कृत्ये या पुस्तकातल्या हनन्या आणि सप्पीरा या पती-पत्नींचे जमीन विकून किमतीतला काही भाग लपवण्याच्या बाबतीत संपूर्ण एकमत होते.

डिचोली येथील भगिनी लिहितात :

"राखेच्या बुधवारी, म्हणजे उपवासकाळाच्या पहिल्याच दिवशी, माझ्या पतींनी जाहीर केले की ईस्टरपर्यंत आपण वेगवेगळे झोपायचे, कारण त्यांनी तसा नवस केला आहे. मला विचारले नव्हते. मी काही बोलले तर मी दैहिक वृत्तीची ठरेन, म्हणून गप्प राहिले. माझे चुकते का?"

उत्तर : नाही. पौलाने नेमक्या याच गोष्टीविषयी १ करिंथकर ७ मध्ये लिहिले आहे आणि तीन अटी घातल्या आहेत : दोघांची संमती असावी, काळ मर्यादित असावा, आणि नंतर पुन्हा एकत्र यावे. पहिलीच अट तुमच्या घरी पाळली गेली नाही. त्याच्या आधीच्या वचनात, पतीच्या शरीरावर पत्नीचाही अधिकार आहे असे तो लिहितो, आणि हे त्याने पहिल्या शतकात लिहिले आहे. उपवासकाळाच्या आजच्या नियमांत पती-पत्नींनी वेगळे झोपावे असे कोठेही सांगितलेले नाही. आपल्या ताटातले मासे सोडायला कोणाला विचारावे लागत नाही, दुसऱ्याच्या ताटातले सोडायचे तर विचारावे लागते. पतींना हा अध्याय दाखवा. हवे तर दोघांनी मिळून शेवटचा एक आठवडा ठरवा. ते ऐकत नसतील तर तुमच्या धर्मगुरूंकडे दोघांनी जावे, एकटीने नव्हे.

म्हापसा येथील भगिनी लिहितात :

"लग्नानंतर दोन वर्षांत प्रभूने मला पुष्कळ पुढे नेले. मी बुधवारच्या उपास-प्रार्थनेला जाते, वर्षभरात संपूर्ण पवित्र शास्त्र वाचून काढले. माझे पती भले आहेत, पण आध्यात्मिक बाबतीत फार मागे आहेत. रविवारी उपासनेला येतात तेही उशिरा, कारण शेजारच्या एकट्या आजींना आधी स्कूटरवरून सोडून मग मला न्यायला येतात. शास्त्र उघडले की त्यांना झोप येते. मी त्यांना समजावले, बहिणींसमोर त्यांच्यासाठी प्रार्थनेची विनंती ठेवली, तर ते आता घरात प्रार्थनेचा विषयच टाळतात. त्यांना पुढे कसे आणू?"

उत्तर : तुमच्या पत्रात आजींचे वाक्य तक्रार म्हणून आले आहे. ते वाक्य पुन्हा एकदा वाचा. पावसाळ्यात म्हापशाच्या चढावरून एका म्हाताऱ्या बाईला मागे बसवून, भिजत, दोन फेऱ्या करणे याला काय म्हणतात, ते मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायात, लहानातल्या एकासाठी केले ते माझ्यासाठीच केले असे येशू म्हणतो तिथे, तुम्ही वर्षभरात वाचलेच असेल.

नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ मध्ये झाला आणि लक्ष्मीबाईंचा १९०० मध्ये. मधल्या पाच वर्षांत काही काळ ताटातूट झाली, पुढे दोघे पुन्हा जवळ आली, तरी लक्ष्मीबाईंचे सोवळे चालूच होते. त्यांनी ते सोडले ते स्वतःच्या विचाराने, कोणी ओढून नेले म्हणून नाही, असे त्यांनीच लिहून ठेवले आहे. तुमच्या घरात तर एवढे अंतरही नाही. पती चर्चला येतात, प्रभूला मानतात. फक्त तुमच्या पद्धतीने मानत नाहीत.

बहिणींसमोर ठेवलेली ती प्रार्थनेची विनंती मला सर्वांत खटकली. म्हापशासारख्या गावात अशी विनंती शुक्रवारच्या बाजारापर्यंत जायला दोन दिवस पुरतात. ज्या माणसाच्या उणिवा दहा बायकांना ठाऊक झाल्या, त्याने प्रार्थनेचा विषय टाळला तर त्याला मागासलेला म्हणता येणार नाही. मीही टाळला असता. त्यांची क्षमा मागा आणि त्या बहिणींनाही सांगा की ही विनंती आता राहू द्या.

तुम्हाला एक जोडपे सुचवते. अक्विला आणि प्रिस्किल्ला यांना रोम सोडावे लागले, ते करिंथात येऊन तंबू शिवण्याच्या धंद्यावर जगत होते आणि पौल त्यांच्याकडे राहून तेच काम करत होता. नव्या करारात या दोघांचा उल्लेख जिथे जिथे येतो तिथे दोघांचाच येतो, एकट्याचा कोठेही नाही. कधी त्याचे नाव आधी, कधी तिचे. कोण पुढे आणि कोण मागे, याचा पत्ता लूकने लागू दिलेला नाही. अपुल्लोस नावाच्या उपदेशकाला प्रभूचा मार्ग पुरता ठाऊक नाही असे त्यांना दिसले तेव्हा त्यांनी सभास्थानात त्याची चूक काढली नाही, त्याला आपल्याकडे नेले आणि नीट समजावून सांगितले.

शास्त्र उघडले की झोप येणाऱ्या माणसाला आणखी शास्त्र वाचायला देऊ नका. या रविवारी स्कूटर घरीच राहू द्या. अर्धा तास आधी निघा, दोघे मिळून आजींकडे जा आणि तिघे चालत चर्चला जा. त्यांच्याने चालवत नसेल तर रिक्षा करा. आजींशी ते काय बोलतात ते ऐका, मधे बोलू नका. छत्री मोठी घ्या.